पांढऱ्या खोळीची मोटर

किरनापूर, जि. बालाघाट
मंगळवार, १२ मे १९६४

हात अजून काळेच आहेत. आज धुवावेसे वाटत नाहीत.

नागपूरले खाणीचा माल उतरवून रिकामा ट्रक घेऊन निघालो, तं आमच्या गावचा ठेकेदार आडवा आला. त्याची मोटर बंद पडलेली, ड्रायव्हर सोडून गेलेला. "गावापर्यंत ओढून ने ना, भाऊ," म्हणे. भाऊ! दोन वर्षांआधी याच मोटरसाठी मी त्याच्या पाया पडलो होतो. कौसल्येले कळा सुटल्या होत्या. तवा म्हणाला, "गादीची खोळ पांढरी आहे, खराब होईल." बैलगाडी बालाघाटच्या दवाखान्यात पोचली तवा आमचं लेकरू गेलं होतं.

मी हौ म्हटलं. दोर बांधला. ओढलेल्या मोटरीत स्टेअरिंगवर कोणीतरी बसावंच लागते, म्हणून तो बसला. ट्रकात मँगनीजचा काळा भुरका पडला होता. त्यावर ताडपत्री बांधायची असते, नाही तं सारा मागच्यावर उडते. नाही बांधली. काहून बांधू?

एवढ्या उन्हात त्याले काच लावता येईना. हॉर्नही मेलेला. गोंदियापर्यंत हात हलवून ओरडून राह्यला होता. मले आरशात सारं दिसत होतं. राजेगावले मी आरामात चहा पिलो, ताडपत्रीच्या घडीवर बसून.

आता जेवताना कौसल्येले सांगितलं. वाटलं, रागावेल. ती खाली पाहत एवढंच बोलली, "आन् खोळ?"

"काळी झाली."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. "धुतल्यानं निघते का जी हे?"

"नाही निघत."

"मंग जेवा," म्हणाली, अन् अजून भात वाढला.