जवसाचं तेल प्यायलेली भिंत

चेरीताल, जबलपूर
फेब्रुवारी १९७२

प्रिय नीलकंठ,

लग्नानंतर तुला चारचौघांत 'अहो' म्हणायचं, असं आईनं बजावून ठेवलंय. पत्रात कोण ऐकतंय, म्हणून तूच. लग्न मोडावं असं तू बाबांना लिहिलंस, ते पोचलं. मला मात्र एक ओळही लिहिली नाहीस, याचा राग आहेच. पण आधी तू नकाशा काढलेल्या इमारतीची बातमी ऐक, ती तुला दुसरं कुणी सांगणार नाही.

तू फौजेत गेलास तेव्हा नेपियर टाउनमधल्या भय्यासाहेबांच्या इमारतीला समोरून संगमरवर नुकताच लावून झाला होता. आत साध्या विटा, वर दगडाचा पातळ पदर. भय्यासाहेब रोज समोरच्या पानठेल्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ती भिंत दाखवायचे आणि तुझं श्रेय स्वतःच्या खिशात घालायचे. मग लढाई सुरू झाली. दत्तजयंती नुकतीच झालेली, चंद्र भरलेला. तोफा बनवणारं गाव आपलं, म्हणून दिव्यांवर काळे कागद. सगळं शहर अंधारात आणि तुझी भिंत तेवढी एकटी उजळलेली. मी कोपऱ्यावरून वळले आणि चालायचंच विसरले. नर्मदा पात्रातून उठून रस्त्याकडेला उभी राहिली आहे, असं वाटलं. विमानांची भीती वाटली नाही. तू इथेच कुठेतरी आहेस असं वाटत राहिलं.

मोहल्ल्याला मात्र भीती वाटली, ही भिंत वरून विमानांना दिसेल म्हणून. भिंतीवर माती थापली, ती वाळून गळून पडली. मग भय्यासाहेबांनाच युक्ती सुचली की चुलीची काजळी जवसाच्या तेलात कालवून फासायची. आपल्या नागपूरकडच्या बायकांच्या बरण्या रिकाम्या झाल्या, आईनं आमच्या फोडणीचं तेलही देऊन टाकलं. भिंत काळीकुट्ट झाली. संगमरवर तेल पितो, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही. लढाई संपल्यावर सोड्यानं घासलं तेव्हा काजळी निघाली, तेल आतच राहिलं. आता सगळ्या भिंतीवर पिवळट, राखाडी ढग आहेत. भय्यासाहेब डोक्याला हात लावून बाबांना म्हणाले, "काहून अशी दुर्बुद्धी झाली मले, दिवाकरराव! आता सब उखाडके नवा पत्थर लावतो." बाबांनी विचारलं, नीलकंठला विचारलं का? तर म्हणे, "तो बिचारा दवाखान्यात पडून राहिला, त्याले काय तकलीफ द्यायची?"

मी संध्याकाळी मुद्दाम तिकडून येते. ऊन कललं की ते ढग हळूहळू सरकल्यासारखे दिसतात आणि मी भाजीची पिशवी घेऊन वेड्यासारखी बघत उभी राहते. पण पहिली भिंत जास्त सुंदर होती, हेही खरं. खोटं बोलून तुझी समजूत काढणार नाही. आणि यातून तू उगाच काही अर्थ काढू नकोस. दगड तो दगड, माणूस तो माणूस. भिंत ठेवायची की उखडायची ते भय्यासाहेबांना लवकर कळव, ते गवंड्याला बोलावून बसलेत.

आता तुझ्याबद्दल. तू बाबांना लिहिलंस की चेहरा भाजलाय, प्रतिमानं तो पाहिलेला नाही, पाहिल्यावर तिला नको होईल पण तोंडानं ती नाही म्हणणार नाही, म्हणून मीच तिला मोकळी करतो. नीलकंठ, ते वाचून गेल्या रविवारी बाबा आणि मी पुण्याला येऊन गेलो. तुझ्या पट्ट्या काढलेल्या होत्या आणि तू झोपला होतास. सिस्टर म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागलीय, उठवू नका. भेटीची वेळ संपेपर्यंत मी तुझ्या खाटेशी बसून होते. डावा गाल पाहिला, कान पाहिला, ओढली गेलेली पापणी पाहिली. आधी खूप रडले, मग पोटभर पाहून घेतलं. तू घोरतोस, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांची रजा संपत आली होती, गाडी गाठायची होती, म्हणून न बोलता निघाले आणि घरी येऊन हे लिहायला बसले. मी पाहिलेलं नाही, म्हणतोस. पाहिलं. मला तुझ्याशीच लग्न करायचंय. बाबा आत्ताच गुरुजींकडे तिथी विचारायला गेलेत.

तुझीच,
प्रतिमा