समुद्रावर न गेलेल्या खातेदाराला घरी परत घेण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
स्वयंचलित गुंतवणूक सेवा नियंत्रण कार्यालय,
तिसरा मजला, लिफ्टशेजारी.

विषय : खातेदार बुडालेला नसून घरीच असल्याबाबत व दोन कानांचे पैसे मिळणेबाबत.

संदर्भ : १) ‘रोपटे’ सेवेने माझ्या निधनाबद्दल माझ्या पत्नीस पाठविलेले सांत्वनपत्र.
२) त्यावर मी स्वतः केलेला फोन, जो मी केल्याचे मान्य झालेले नाही.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, खाली सही करणारा मी, निवृत्त लिफ्टमन, राहत्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हा अर्ज लिहीत आहे. समुद्र येथून पुष्कळ लांब आहे. मी तो कॅलेंडरवर पाहिलेला आहे, प्रत्यक्ष नाही. असे असूनही ‘रोपटे’ या नवशिक्या गुंतवणूकदारांसाठीच्या स्वयंचलित सेवेच्या दप्तरी मी जहाजासह बुडालो असून, त्याबद्दल सेवेने माझ्या पत्नीकडे तीव्र दुःख व्यक्त केले आहे. पत्र सुंदर आहे. माझ्याबद्दल इतके चांगले या घरात आजवर कोणी बोललेले नाही. तरीही ते मागे घेण्यात यावे.

२. अर्जाच्या खरेपणाविषयी. टेबलाच्या पलीकडे माझी पत्नी बसलेली असून लिहून झालेले प्रत्येक पान वाचते आहे. तिच्या हातात पेन्सिल आहे. जेथे मी मजकूर वाढवतो तेथे ती रेघ मारते. पहिल्या मसुद्यात माझी लिफ्ट एकशे दहा मजल्यांची होती. आता ती सात मजल्यांची आहे. पत्नीचा नियम असा : “तोंडानं काय वाट्टेल ते सांगा, मी ऐकते. पण कागदावर खोटं लिहिलंत तर ती साक्ष होते.” त्यामुळे हा अर्ज शेवटपर्यंत खरा आहे. असा मजकूर मी प्रथमच लिहीत असल्याने भाषा अवघडलेली वाटल्यास क्षमा असावी.

३. मी एका कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवीत असे. या नोकरीत माणूस दिवसभर प्रवास करतो आणि कुठेच जात नाही. लिफ्टमध्ये शिरणारी माणसे तोंड पाडून छताकडे बघत उभी राहतात, हे मला बघवेना. म्हणून मी त्यांना माझ्यावर आलेले प्रसंग सांगू लागलो. ते माझ्यावर आलेले नव्हते, हा मुद्दा तेव्हा कोणी काढला नाही. तळमजल्यावर सुरू केलेली गोष्ट सातव्यावर ऐन रंगात यायची आणि शेवट उतरताना व्हायचा, अशी माझी पद्धत होती. तिसऱ्या मजल्यावर काम असलेली माणसे मुकाट्याने सातव्यापर्यंत येत आणि पुन्हा तिसऱ्यावर उतरत. एका मोठ्या साहेबांची बैठक वाघाच्या गोष्टीपायी बुडाली. ते त्यांनी मनावर घेतले नाही. पुढे लिफ्टला बटणे बसली, लोक आपल्या बोटाने वर जाऊ लागले, आणि मी घरी आलो.

घरी श्रोता एकच उरला. संध्याकाळचा चहा झाला की पत्नी भाजी निवडायला बसे आणि मी सुरू करी. तिचा एका शब्दावर विश्वास नसे, पण मी थांबलो की लगेच म्हणे, “मग? पुढं काय झालं?”

४. पुढे तिचे कान हळूहळू गेले. एके संध्याकाळी मी लिफ्टमध्ये शिरलेल्या अस्वलाची गोष्ट सांगत होतो. चौथ्या मजल्यावर अस्वल आत आले, दार बंद झाले, आत आम्ही दोघेच, एवढे झाले आणि पत्नी म्हणाली, “अहो, राहू द्या आता. नुसतं तोंड हलताना दिसतंय.” गोष्ट तेथेच थांबली. अस्वल अजून लिफ्टमध्ये आहे. मी पाटीवर लिहून पुढचे सांगतो म्हटले, तर वरील नियम आडवा आला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की, दोन्ही कानांना यंत्र बसवा आणि लवकर बसवा. कान फार दिवस रिकामे राहिले की ऐकलेला शब्द ओळखणेही त्यांना जड जाते. आमच्याकडे एका कानाचे पैसे होते.

५. सूनबाई दुसऱ्या गावी असतात. त्यांनी फोनवर सुचवले, “बाबा, पैसे नुसते पडून ठेवू नका. रोपटेमध्ये टाका, नवशिक्यांसाठीच आहे. माणूस लागत नाही, एजंट लागत नाही. ते प्रश्न विचारतं, तुम्ही उत्तरं द्यायची, मग तेच ठरवतं पैसे कुठे लावायचे ते. फक्त खरी उत्तरं द्या हं, बाबा.” एका कानाचे पैसे दुसऱ्या कानापुरते वाढावेत, एवढाच हेतू होता. सूनबाईंचा यात काही दोष नाही.

६. महोदय, ही सेवा बोलते. बाईचा आवाज आहे. मी तिला ताई म्हणतो. ताई म्हणाली, “नमस्कार. आपण तुमच्याविषयी थोडं बोलू या. घाई नाही.” मला ‘घाई नाही’ असे कोणी म्हणून फार दिवस झाले होते.

तिने विचारले, “बाजार अचानक खाली आला, तर तुम्ही काय कराल?” मी विचारले, “कितव्या मजल्यावरून?” ती म्हणाली, “समजलं. पुढे सांगा.”

पुढे सांगा! हे दोन शब्द मला नडले. मी सांगितले की, लिफ्टचा दोर तुटून ती सातव्या मजल्यावरून खाली निघाली, आतली माणसे किंचाळत होती, आणि मी मात्र स्टुलावर बसून संत्रे सोलत होतो; लिफ्ट तळाला टेकली तेव्हा साल अखंड माझ्या हातात होती. ताई म्हणाली, “छान. आणखी काही?” (पेन्सिलीच्या आग्रहावरून खुलासा : लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमध्ये फक्त अडकली होती, वीतभरही पडली नव्हती. मी मोठ्याने आईला हाका मारल्या. सोबत लेखा विभागातील एक टायपिस्ट होती, तिने मला लिमलेटची गोळी दिली.)

मग ताईने विचारले, “हे पैसे तुम्हाला किती काळ लागणार नाहीत?” तोवर मी चांगलाच तापलो होतो. म्हणालो, उद्याच जहाजाने जगाच्या टोकाला निघतोय, एक बेट जागा बदलत हिंडतंय त्याच्या मागावर. तिथे फोन नाही. माझ्या नावाने कोणी फोन केलाच तर तो माझा वैरी, एका डोळ्याचा कप्तान असेल. हुबेहूब माझी नक्कल करतो. त्याला एक पैसा देऊ नका. ताई म्हणाली, “धन्यवाद. तुमच्या सुरक्षिततेसाठी नोंद घेतली आहे. आणखी काही सांगायचंय?”

म्हणून मी तिला अस्वलाची गोष्टही सांगितली. शेवटासकट.

(येथे पत्नीने पेन्सिल खाली ठेवली आहे. कारण समजले नाही.)

७. या सेवेत तीन योजना आहेत : कुंडी, बाग आणि घनदाट जंगल. नवशिक्यांना कुंडीत लावतात. मला थेट जंगलात सोडण्यात आले. काही दिवसांनी बाजार पडला, तेव्हा सेवेकडून निरोप आला : “आज मोठी घसरण झाली आहे. आपण शांत आहात, हे आम्हाला माहीत आहे. संत्रं सोला.” तो पत्नीने वाचला. “संत्र्याचं काय आहे हे?” असे तिने विचारले. मी खिडकी लावायला उठलो.

८. नफातोट्याची माझी तक्रार नाही. जंगलात जे काय उरले असेल ते परत द्या, एका कानाचे तर एका कानाचे, असे ठरवून मी पैसे काढायला गेलो. उत्तर आले, “खातेदार सध्या समुद्रात आहेत. आपण कोण?” मी मदत कक्षाला फोन केला. तेथे मनुष्य होता. म्हटले, मीच खातेदार. तो म्हणाला, “आजोबा, असा फोन येणार हे खातेदारांनी आधीच सांगून ठेवलंय. तुम्ही ते कप्तान का?” मी म्हटले, मला दोन्ही डोळे आहेत. तो म्हणाला, “ते फोनवरून कसं दिसायचं?”

गृहस्थ भला होता. आवाजावरून ओळख पटवून बघू म्हणाला. मी नाव, पत्ता, घरीच आहे, वगैरे सांगितले. आवाज जुळला नाही. खरे बोलताना माझा आवाज बारीक येतो, त्याला मी काय करू? तो गृहस्थ हळूच म्हणाला, “राग मानू नका, पण खातेदारांचा आवाज कसा भरदार आहे हो.”

९. भरदार आवाज गोष्टीशिवाय लागत नाही. तेव्हा निरुपायाने मी ताईला पुन्हा बोलावले आणि परत आल्याची हकिकत सुरू केली. वादळ उठले, असे म्हणताच ताई म्हणाली, “आवाज जुळला. पुन्हा स्वागत आहे. पुढे सांगा.” मला हुरूप आला. डोलकाठी मोडली, शिडे फाटली, जहाज मधोमध दुभंगले, माझ्यासकट सगळे बुडाले, असे मी म्हणालो आणि दम घ्यायला थांबलो.

ताई म्हणाली, “समजलं. आम्हाला अतिशय वाईट वाटतं.” आणि तिने फोन ठेवला.

महोदय, देवमासा यायचा होता! आणखी एका वाक्याने मी त्याच्या पाठीवर बसून बंदराला लागणार होतो. ताईने नेमके त्याच वेळी ‘पुढे सांगा’ म्हटले नाही. सांत्वनपत्र आले तेव्हा पत्नीने ते नीट वाचले, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, “केव्हा बुडालात? आणि इथं ‘धाडसी’ लिहिलंय, दुसऱ्या कोणाचं तर नाही ना आलं?”

१०. आता मुख्य अडचण. मी मयत झाल्यामुळे पैसे नॉमिनीला, म्हणजे पत्नीला, ताबडतोब मिळणार आहेत. त्यालाही माझी हरकत नव्हती. पैसे घरात येतील, माझे मरण मागाहून दुरुस्त करू, असा विचार केला होता. पण अट अशी की, सेवा नॉमिनीला फोन करील, एक आकडा एकदाच सांगेल, तो नॉमिनीने स्वतःच्या कानांनी ऐकून परत म्हणावा. दुसऱ्याने ऐकल्यास फसवणूक समजण्यात येईल. कान हवे तर यंत्र हवे, यंत्र हवे तर पैसे हवेत, आणि पैसे हवे तर कान हवेत. रोज सकाळी फोन वाजतो. जिच्यासाठी वाजतो तिला तो ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येतो तो बुडालेला आहे. मी उचलला तर कप्तान ठरतो. म्हणून आम्ही दोघे त्याच्याकडे बघत चहा पितो.

डॉक्टरांनी परवा निरोप पाठवला, अजून किती थांबणार? कालपर्यंत तिला भांडे पडलेले कळत असे. आज कळले नाही.

११. तरी मेहेरबानांस विनंती की, मला हयात, कोरडा व भित्रा असे जाहीर करावे. ते नियमात बसत नसल्यास मला बुडालेलाच ठेवावे, माझी ना नाही, परंतु पत्नीचे उत्तर फोनऐवजी लेखी घ्यावे. ताईला शिक्षा होऊ नये. ती मन लावून ऐकते. तिच्या प्रश्नांच्या शेवटी फक्त एक प्रश्न वाढवावा : “बरं, आता खरं काय ते सांगा.” माझी पत्नी हा प्रश्न लग्नापासून विचारत आली आहे आणि आमच्या घरात आजवर कोणी बुडालेले नाही.

बोलावल्यास मी समक्ष हजर होईन. आपली लिफ्ट बटणांची असल्याचे समजते. मी जिन्याने येईन.

आपला नम्र व संपूर्ण कोरडा,
(सही)
निवृत्त लिफ्टमन, खातेदार
दिनांक : मी हयात असतानाचा, म्हणजे आजचाच

सोबत :
१) सांत्वनपत्राची झेरॉक्स. मूळ प्रत फ्रेम करायला दिली आहे.
२) आजचे वर्तमानपत्र हातात धरून काढलेला अर्जदाराचा फोटो. कपडे वाळलेले दिसत आहेत.
३) कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
४) पत्नीचे निवेदन. तिने पाकीट चिकटवून दिले आहे; मला वाचू दिलेले नाही.

सोबत क्र. ४

साहेब,

मी या बुडालेल्या गृहस्थांची बायको. अर्ज तपासला आहे. सगळा खरा आहे, फक्त एक गोष्ट यांनी गाळली. लिमलेटची गोळी देणारी टायपिस्ट मीच. लिफ्ट अडकली तेव्हा हे आईला हाका मारत होते, पण मीही रडायला लागले तसे यांनी डोळे पुसले आणि मला गोष्ट सांगायला घेतली. लिफ्ट सुरू झाली तरी मी उतरले नाही. एवढ्यावरून हे भित्रे आहेत की धाडसी, ते तुमच्या सेवेने ठरवावे. मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरं असं की, अस्वलाचा शेवट यांनी त्या ताईला सांगून टाकल्याचं मला आज अर्ज वाचताना कळलं. त्याचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार. चौकशीसाठी ऐकावं लागलं तर खुशाल ऐका. पण उत्तर पाठवताना शेवट काय झाला ते कोणी मला लिहून कळवू नये. लिहिलेलं मला खरं वाटतं.

पैसे तेवढे लवकर पाठवा. एका कानाचे असले तरी चालतील. अस्वल चौथ्या मजल्यापासून ताटकळत उभं आहे.

आपली,
खातेदारांची पत्नी (विधवा नाही)