मिस्त्रीला पोरगी

१२ फेब्रुवारी २००३, बुधवार

दीक्षा हो म्हणाली! तीन स्थळांना नाक मुरडलेली माझी पोरगी. आज ओळखीतल्या तानूबाई आपल्या भाच्याला घेऊन आल्या, आणि पोह्यांच्या बशा उचलताना ही माझ्या कानात म्हणते, "आई, ह्यो चालतोय की!"

प्रसेनजीत नाव. कुरुंदवाडचा. कागलच्या एमआयडीसीत डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. म्हणजे ह्यांच्याच धंद्यातला! मला वाटलं, हे खूश होतील. तानूबाई म्हणाल्या, "काय पावणं, पसंत हाय न्हवं?" तर हे म्हणाले, "जरा चौकशी करून सांगतो."

कसली चौकशी? चोवीस वर्षं तेच काम करताय की.

१६ फेब्रुवारी, रविवार

चौकशी म्हणजे काय, तर ह्यांनी त्या पोराला आपल्या गॅरेजवर बोलावून घेतलं! एका ट्रकच्या इंजिनात ठकठक होत होती. ह्यांना कारण कालच कळलेलं, पण बोलले नाहीत. पोरानं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "तिसऱ्या सिलेंडरचं बेअरिंग गेलंय," म्हणाला. बरोबर!

"असला कान माझ्या वस्तादानंतर ह्याचाच बघितला," असं जेवताना सांगत होते. मी हरखलेच. म्हटलं, मग होकार कळवू?

"न्हाय. पोरगी द्यायची न्हाय."

मला वाटलं चेष्टा करताहेत.

"चांगला मिस्त्री हाय म्हणूनच न्हाय म्हणतोय. चांगल्यालाच मालक घरला सोडत न्हाय. कुठं गाडी बंद पडली की ह्योच जाणार. पगार पैली दोन-चार वर्सं वाढतोय, मग हाय तिथंच."

ताटातला घास तसाच राहिला माझा.

१७ फेब्रुवारी

दीक्षा जेवली नाही. "भूक न्हाय." हेही डबा न घेताच गेले. भाकऱ्या उरल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज कडाडून भांडले. हो, मीच!

ह्यांचा पगार बेचाळीसशे. चोवीस वर्षांनी! ह्यांच्या हाताखाली शिकून गेलेले स्वतःचं गॅरेज टाकून बसले, आणि हे अजून गॅरेजच्या अण्णासो मालकांच्या मागं 'दोनशे वाढवा' म्हणून फिरताहेत. मला का माहीत नाही? पंधरा तारखेनंतर गोडेतेल छटाकभर आणते मी. खोली वाढवायला आणलेल्या विटा सहा वर्षं दारात पडून आहेत, त्यावर शेवाळ आलं. पण घर चाललं ना? पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचली ना? दर चौदा एप्रिलला नवं कापड आलं. माझ्या अंगावर नसेल, तिच्या अंगावर तर आलं!

बोलता बोलता तोंडातून गेलं, "स्वतःच्या धंद्याची एवढी लाज वाटते तुम्हाला?"

फार लागलं त्यांना. "लाज न्हाय वाटत," एवढंच म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले. बोलायला नको होतं मी.

२ मार्च, रविवार

आज ह्यांनी सुगतचं नाव घेतलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

माझा सुगत. तीन वर्षांचा. मे महिना होता. तापानं फणफणला, झटके यायला लागले. हे आंबा घाटात बंद पडलेल्या ट्रकखाली, तिसरा दिवस. गॅरेजला फोन केला तर म्हणे, "गाडी चालू झाल्याबिगर मिस्त्री कसा येईल?" घरात चाळीस रुपये. रिक्षावाला शंभराच्या खाली येईना. पोराला पदरात गुंडाळून मुडशिंगीच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी राहिले. दवाखान्यात पोचले तर डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी हे दारात आले, खांद्यावर फणस. गाडी चालू झाली म्हणून कोकणातल्या ड्रायव्हरनं खुशीनं दिलेला. सुगतला गरे फार आवडायचे.

आज म्हणाले, "सुगतच्या येळंला तू एकटी हुतीस. दीक्षावर तसली येळ नको." मी म्हटलं, आता मोबाईल आलेत, तसं नाही राहिलं. तर म्हणाले, "मोबाईल आला. पण त्या पोराचा पगार पस्तीसशे, त्यो बी कंत्राटावर. सांग, काय बदललं?"

दोघंही रडलो. तेव्हा एकत्र रडायचं राहूनच गेलं होतं.

५ मार्च, बुधवार

पोरीचं तोंड बघवत नाही. सकाळी चहा देताना म्हटलं, "आज काय ते सांगाच. तानूबाई निरोपाची वाट बघताहेत."

ह्यांनी कप खाली ठेवला. दीक्षाला हाक मारली. मग मला म्हणाले, "माझ्याशी लगीन करून तुला कधी पस्तावा झाला न्हाय, असं एकदा म्हण. आत्ता होकार कळीवतो."

एवढंच! एका शब्दाचं काम. आणि माणूस चांगलाच आहे माझा. दारू नाही, कधी हात उगारला नाही, शिळी भाकरी दिली तर तीही गोड मानून खाल्ली. दीक्षा माझ्या तोंडाकडं बघत होती. 'न्हाय' म्हणायला तोंड उघडलं आणि तो बसस्टॉप आठवला. सुगतचं गरम अंग. किती वेळ गप्प होते कोण जाणे! मग म्हटलं, "न्हाय वो. कसला पस्तावा."

दोघांनाही कळलं. दीक्षा उठून आत गेली. हे मात्र दिलेला शब्द फिरवणारे नव्हेत. जाताना म्हणाले, "कळीव मग, होकार म्हणून."

देवा, काय करून बसले मी! एवढा वेळ का लागला मला?

६ मार्च, गुरुवार

कोपऱ्यावरच्या कॉइनबॉक्सवर गेले. तानूबाईंनीच फोन उचलला. "बोला की, कधी येऊ साखरपुड्याचं ठरवायला?" आवाजात हसू होतं त्यांच्या.

मी नकार दिला.