काशीआत्याच्या डोळ्यांची आखणी

जोहे, श्रावण, १९८४

चि. दत्तात्रेय यास मामेभाऊ महिपतीचे आशीर्वाद. तुझी तब्येत, सौ. विमल, अष्टमी गावातलं नवं घर, कंपनीतल्या शिफ्टी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो (तू कळवत नाहीस, मग धरूनच चालावं लागतं). इकडे तुझी आई, म्हणजे आमची काशीआत्या, ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत की तिच्या विसर्जनावरून गावात भांडण पेटलं आहे. घाबरू नकोस, सविस्तर लिहितो.

आपल्या गणपती कारखान्यात नॉर्वे देशाचा एक पाहुणा आलाय, हाल्वोर नावाचा. चित्रकारही आणि शिल्पकारही. त्याचे आजोबा होड्या बांधायचे, यानं लाकूड सोडून दगड धरला. तिकडे थंडीत सूर्य दिवसचे दिवस तोंड दाखवत नाही, तेव्हा हा घरात बसून चित्रं काढतो. त्यांचे फोटो पाहिले, सगळा करडा समुद्र. आपल्या रंगारी बाबाजीनं काळजीनं विचारलं, "तुमच्याकडं रंग मिळत नाय व्हय?" हाल्वोर खूप हसला. त्याच्या गावच्या चौकात त्यानं घडवलेली दगडी कोळीण उभी आहे म्हणे. पण तिच्याकडे कुणी बघत नाही, फक्त समुद्रपक्षी डोक्यावर बसतात. हे सांगताना त्याचा चेहरा पडला आणि मला खरंच वाईट वाटलं.

तर हा शाडूचे गणपती शिकायला आला आणि गणपती सोडून आत्याला घडवायला बसला. आत्या रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पेणच्या बसकडे बघते ना, तशीच, मांडीवर हात, मान किंचित पुढे. हुबेहूब! मूर्ती वाळायला गणपतींच्या रांगेत ठेवली, तिथेच घात झाला. ऐन हंगामात बाबाजी मान वर करून बघत नाही. रांगेत जे येईल त्याला आधी अंगाचा गुलाबी, मग पिवळा पितांबर, मग डोळे. आत्याला पितांबर नेसवून त्यानं डोळ्यांची आखणीसुद्धा करून टाकली! आणि आपल्या कारखान्याचा रिवाज तुला ठाऊक आहे. एकदा डोळे काढले की मूर्ती मोडायची नाही, विसर्जनच करायचं.

आत्या कडाडली, "मी जिती हाय नि मला बुडवताय व्हय रं?" शेजारच्या हौसानं तोवर दूर्वा वाहून मोदक ठेवला होता. आत्यानं तो खाल्ला (नैवेद्य तिच्याच नावाचा, अडवणार कोण?) आणि फर्मावलं, "माजा दत्तू येऊन बघंल, तवा काय ते ठरवा. तवर मूर्ती हलायची नाय." त्यामुळे ही पितांबरवाली आत्या दारात ठाण मांडून आहे. गिऱ्हाईक आधी तिच्या पाया पडतं, मग गणपती बघतं. हाल्वोर रागावेल असं वाटलं होतं, तर तो चक्क नाचला. त्याच्या कामाला आजवर कुणी नमस्कार केला नव्हता.

बाकी क्षेम. सौ. विमलला आशीर्वाद सांग.

तुझा,
महिपती

ता. क. मूर्ती न्यायला टेम्पो पाठवू नकोस. आंब्यांच्या वेळी तू तेच केलंस. टेम्पो आला, तू आला नाहीस.

आणखी एक ता. क. हाल्वोरनं बाबाजीपासून लपवून आत्याचीच दुसरी मूर्ती घडवायला घेतली आहे. काल मला हात जोडून म्हणाला, हिचा मुलगा एवढ्यात येऊ देऊ नका, तो आला की हा चेहरा जाईल आणि माझं आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम बिघडेल. मी शब्द दिलेला नाही. दत्तू, मिळेल त्या बसनं ये आणि त्याचं काम बिघडव.