प्रकरण तिसरे: कर्तव्य

२ जुलै, लातूर
मुक्काम हलवला. सुकन्याचं मेडिकलच्या नीट परीक्षेचं हे दुसरं आणि शेवटचं वर्ष. सत्यशीलाला आरोग्य केंद्रातून रजा मिळत नाही, आणि कॉलेजने यंदा मला तासिका दिल्या नाहीत. तेव्हा लेकीजवळ राहायला मीच. घरात कुणाला तरी त्याग करावाच लागतो.

उमरीच्या स्टँडवर बायको म्हणाली, लेकराला येळेवर खाऊ घाला, दुखलं-खुपलं बघा, बाकी काई करू नका. बाकी काई म्हणजे माझी पीएच.डी. विषय: ग्रीक पुराणकथांवरच्या व्हिक्टोरियन कविता, त्यातलं पलायन आणि कर्तव्य. पलायनाची दोन प्रकरणं झाली. कर्तव्याचं राहिलंय. गाईड सरांनी शेवटची मुदत दिली आहे, मार्चअखेर.

ट्यूशन एरियात एक खोली, दोन गाद्या, गॅस. लिहायला याहून बरी जागा नाही. प्रकरण दिवाळीच्या आत हातावेगळं.

३ जुलै, पहाटे
अलार्म लावला होता. सुकन्याच आधी उठली आणि चहा करून मला उठवलं. पोरगी जबाबदार होत चालली आहे. सोबतीचा परिणाम.

११ जुलै
वरण करपलं. फोडणी आणि संशोधन एका वेळी होत नाही. घरमालकीण सरजाबाईंचा डबा लावला. सत्यशीलाला सांगितलं नाही, उगाच काळजी करील.

पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट केला. रोज कुणाच्या तरी टेस्टचे मार्क. एकाग्रता राहत नाही.

२६ जुलै
कोपऱ्यावरच्या टपरीवर बापलोकांचा अड्डा असतो. हदगावचे पंढरी सोयाबीन भावावर सोडून आलेत. उदगीरकडचे सिद्धलिंग दुकान बायकोवर. मुलं क्लासला, आणि हे दिवसभर चहा अन् पत्त्यांचा मेंढीकोट. पाहून चमकलोच. अगदी माझ्या दुसऱ्या प्रकरणातले खलाशी! बेटावर उतरले, तिथलं गोड फळ खाल्लं आणि घरदार विसरले. माणसं किती सहज वाहवत जातात!

रोज थोडा वेळ बसत जाईन. याला फील्डवर्क म्हणतात.

१९ ऑगस्ट
फील्डवर्क चालू. सिद्धलिंग पत्त्यांत खुणा करतात.
प्रकरण तीन: शीर्षक टाइप केलं. बोल्ड केलं.

१० सप्टेंबर
गाईड सरांचा फोन. पानं मागितली. म्हटलं, चिंतन चालू आहे. म्हणाले, चिंतनाचीच पाठवा.
उद्यापासून चहा बंद.

११ सप्टेंबर
फक्त सकाळचा.

४ ऑक्टोबर
सुकन्या वाळल्यासारखी दिसते. विचारलं तर काही नाही म्हणाली. सरजाबाई मात्र दारातूनच बोलल्या, सर, पोरीचा अर्धा डबा तुम्हीच खाऊन राहिलात. अन्न वाया जाऊ नये एवढाच माझा हेतू होता. पण लोकांना चांगलं दिसत नाही.
उद्यापासून स्वयंपाक स्वतः. रोज एक पालेभाजी.

५ ऑक्टोबर
गॅस संपलाय.

१७ नोव्हेंबर, दुपार
उद्या सुकन्याची मोठी टेस्ट. पहिल्या पन्नास पोरांची वेगळी बॅच होते, चांगले सर तिथेच शिकवतात. म्हणाली, पप्पा, ह्याच्यात आले तर माझं होतंय. नाही आले तर अवघड हाय.
अंग गरम आहे तिचं. संध्याकाळी गोळ्या आणतो. सकाळी रिक्षाने स्वतः सोडायला जाणार.

१८ नोव्हेंबर
काल गोळ्यांसाठीच निघालो होतो. वाटेत टपरी. पंढरी म्हणाले, सर, त्या म्हाताऱ्या राजाचं अर्धंच सांगितलं तुम्ही. पाच मिनिटं बसलो. हा दुसऱ्या एका कवितेतला राजा लढाईवरून वीस वर्षांनी घरी येतो, पण घरात त्याला करमत नाही. मग राज्य, प्रजा, सगळं पोराच्या गळ्यात घालून पुन्हा समुद्रावर जायला निघतो. कर्तव्य पोराचं, समुद्र बापाचा! हे वाक्य तिथल्या तिथे सुचलं. पत्ते थांबले. सिद्धलिंग वा म्हणाले. इतकं मन लावून माझं कुणी वर्गातही ऐकलेलं नाही.

मेडिकल बंद झालं होतं. सुकन्या झोपली होती. झोपेनंही ताप उतरतो.

सकाळी ती एकटीच चालत गेली. मला जाग आली नाही.

२ डिसेंबर
सत्यशीला न सांगता आली, बिनपगारी रजा टाकून. तिने ग्रुप म्यूट केलेला नाही. सुकन्या शेवटच्या बॅचला गेल्याचं तिला तिथे कळलं आणि मला तिच्याकडून.

भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. खोली झाडली, सिलिंडर आणलं, भाकरी थापल्या. सुकन्या पोटभर जेवली. हात धुऊन म्हणाली, पप्पा, तुम्ही उमरीला जावा. मला अभ्यास करायचाय.

मीही तेच सुचवणार होतो. घरी निवांत लिहिता येईल. एस.टी.त खिडकी मिळाली.

३१ मार्च, उमरी
मुदत संपली. गाईड सरांनी फोन उचलला नाही. मी पुन्हा लावला नाही. शीर्षक अजून बोल्ड आहे.

१५ जून
निकाल. झालं नाही.

१६ जून
सुकन्या पुस्तकं बांधत होती, शेजारच्या मुलीला द्यायला. जवळ बसलो. म्हटलं, मार्क म्हणजे सगळं नसतं.

तिने सुतळीला गाठ मारली. म्हणाली, त्या दिवशी ताप लई वाढला तवा मी टपरीपर्यंत आले होते, तुमच्याकडून गोळ्या घ्यायला. तुम्ही राजाची गोष्ट सांगून राहिले होते. लई रंगून. सगळे ऐकत होते. मग काय बोलायचं, गेले परत.

गठ्ठा बाजूला सरकवून तिने विचारलं, पप्पा, तुम्ही सांगता ते फळ खाऊन बसलेले लोक, त्यांच्या लेकरांचं घरी काय झालं?
म्हटलं, ते कवितेत नाही.
म्हणाली, हाव, नसंलच.

लाज वाटली. फार वाटली. लॅपटॉप उघडला. कर्तव्यावर आज खरंच काहीतरी लिहिता आलं असतं. तेवढ्यात सत्यशीलाने ताट वाढलं. जेवलो. मग झोप आली.