तुझ्या नवमीच्या दिवशीचा फोन

आई, तुझ्या नवमीला घरात काय झालं ते तुला सांगायचं आहे. रोज कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून मी दुसऱ्यांच्या साक्षी ऐकते, पण आपल्याच घरातली ही गोष्ट कुणापुढे नीट सांगणं मला अजून जमलेलं नाही.

तुझी खानावळ होती ती जागा विकून धाकट्याने बोईसरलाच मोठं घर घेतलं. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या टाक्या साफ करायचं कंत्राट असतं त्याच्याकडे. पितृपक्षात तुझं श्राद्ध तो मनापासून करतो. त्या दिवशीही मी रजा काढून आले होते. वहिनी वडे तळत होती, मी खीर ढवळत होते. पानं मांडली आणि धाकटा बसतो न बसतो तोच त्याचा फोन वाजला. तो मागच्या गॅलरीत गेला. स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते. मुकादमाशी तो हिंदीत बोलत होता. "गैस-वैस कुछ नहीं है. मुँह पे कपड़ा बाँध और उतार उसको. शाम तक टाकी खाली चाहिए." मग तो परत आला, हात धुतले, जेवायला बसला. आमसुलाची चटणी त्याने दोनदा मागून घेतली.

टाकीत उतरवलेला माणूस त्याच दुपारी आत गुदमरून गेला. सफाळ्याकडच्या आतल्या गावातला होता. कारखान्याचे लोक म्हणाले की दारू पिऊन आपणच उतरला. मग पोलिसांनी मुकादमाला धरलं आणि नंतर धाकट्यालाही. मुकादम सांगत होता की मालकाने फोनवर हुकूम दिला. धाकटा सांगत होता की फोन पाण्याच्या टँकरचा होता आणि आपण दिवसभर आईच्या श्राद्धाला घरीच होतो. पोलिसांनी मला काही विचारलं नाही. मीही त्यांच्याकडे गेले नाही.

मग पालघर कोर्टाचं समन्स आलं, बचावाची साक्षीदार म्हणून. त्याच आठवड्यात धाकटा मला भेटायला आला. मी त्याला सरळ सांगितलं की तुझं बोलणं मी ऐकलं आहे. तो म्हणाला, माझा वकील एकच प्रश्न विचारणार, मी घरी होतो का. सरकारी वकील तुझ्यासारख्या जजबाईंना उलट काय विचारणार? "तुला खोटं बोलायचंच नाही, ताई. होतो ना मी घरी?"

होता. हे खरंच होतं.

तो गेल्यावर मला लहानपणची ती सायकल आठवत राहिली. आपल्याकडे जेवायला येणाऱ्या एका फिटरची सायकल धाकट्याने न विचारता नेली आणि पुढचं चाक वाकवून आणली. तू त्या फिटरला सांगितलंस की वाऱ्याने पडली. सांगताना तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी ताटं घासत राहिले. पुढचा महिनाभर तू त्या माणसाला रोज एक भाकरी जास्त वाढलीस, कधी भाजीवर तेलाची धार सोडलीस. त्याला कारण कळलं नाही. तुझ्या मनात तेवढ्याने फिटत असावं. कोर्टात गेले तेव्हा मागच्या बाकावर त्या मेलेल्या माणसाची बायको सासूला धरून बसली होती. तिला मी काय जास्त वाढणार होते?

पिंजऱ्यात उभं राहणं वेगळंच असतं, आई. इतकी वर्षं मी तो वरून बघितलाय. कठड्यावर हात ठेवून माणसं तो इतका घट्ट का धरतात, ते मला त्या दिवशी कळलं. धाकट्याच्या वकिलाने विचारलं, त्या दुपारी आरोपी कुठे होता? मी म्हटलं, घरी, माझ्यासमोर. त्याने वाकून आभार मानले. सरकारी वकील अर्धवट उठले, माझ्याकडे बघून संकोचले आणि म्हणाले, उलटतपासणी नाही. संपलंच होतं सगळं. मीच साक्षीदारांना कितीदा बजावलं आहे की विचारलं तेवढंच बोला.

"साहेब, मला आणखी सांगायचं आहे."

धाकट्याच्या वकिलाने लगेच हरकत घेतली. न्यायाधीश वयाने माझ्याहून बरेच लहान. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले की मग कोर्टच विचारतं, तुम्हाला काय माहीत आहे? मी गॅलरी सांगितली, खिडकी सांगितली, ते हिंदी शब्द जसेच्या तसे सांगितले. मुकादम तोंडावर हात धरून रडायला लागला. धाकट्याकडे मी बघितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्यासमोर आला. चिडलेला नव्हता. लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता. "तुला कुणी विचारलं होतं, ताई?" एवढंच म्हणाला आणि वहिनीला घेऊन जिना उतरून गेला. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने ती मागच्या बाकावरची बाई जवळ आली. "म्हंजे त्याला उतरवला. तो आपणून गेला नाय," ती म्हणाली. मी मान हलवली. "मंग पोरांना तसा सांगेन. शाळेत त्यांना बेवड्याची पोरं बोलतात." माझे आभार वगैरे तिने मानले नाहीत. सासूचा हात धरून ती रिक्षा बघायला गेली.

धाकट्याला शिक्षा झाली, मुकादम सुटला. अपील केलंय, तोवर धाकटा जामिनावर घरीच आहे. या वर्षीच्या नवमीला मला बोलावणं आलं नाही. मी इथेच, सरकारी बंगल्यात, खीर केली. आटली जरा जास्तच. ओळखीचे वकील, जुने सहकारी भेटतात तेव्हा म्हणतात, मॅडम, तुमच्यासारखी माणसं हवीत. मी विषय बदलते. त्यांना सांगता येत नाही ते तुलाच सांगते, आणि हा कागदही कुठे जाणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. त्या दिवशी मागच्या बाकावर तू बसलेली असतीस आणि माझ्याकडे नुसतं बघितलं असतंस, तर घरी होता, एवढंच सांगून मी खाली उतरले असते.