आतून न उघडणारी कडी

मी दौलतराव सखाराम ढोकणे, वय बासष्ट, कापसाच्या जिनातला मिस्त्री, राहणार कारंजा लाड, जिल्हा अकोला. डोके ठिकाणावर आहे, छातीचा भरवसा नाही. म्हणून कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो.

१. राहते घर मुलगी ललिताबाई, राहणार आसेगाव, हिला द्यावे. तिच्या आईची, गोजराबाईची, लुगडी पेटीत आहेत. पेटी कोणी न उघडता तशीच द्यावी.

२. पाने, छिन्न्या, कानशी माझा जोडीदार देवला राठोड याला. तो माझ्यापेक्षा सावकाश काम करतो. ते चांगले आहे.

३. माझी मोडतोडीची वही. जिनात जे मोडले, ते कुठून आणि का, हे सव्वीस वर्षे तीत लिहिले. एका कारणाने दुसऱ्यांदा काही मोडले नाही, हे मी अभिमानाने सांगत असे.

१९४९ साली जिनातली मजूर भुरीबाई रुईच्या खोलीच्या मागल्या दाराने निघाली. दाराबाहेरच फिरणाऱ्या इंजिनाच्या पट्ट्यात पदर सापडून तिचा हात गेला. मी कारण शोधले: ते दार. त्याला बाहेरून कडी बसवली. सहा वर्षे कोणाला ओरखडा नाही. मॅनेजरसाहेबांनी शाबासकी दिली, मी ती घेतली.

१९५५ च्या फेब्रुवारीत त्याच खोलीच्या पुढल्या दाराशी रुई पेटली. बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. आत माझी गोजरा एकटी. ती मागले दार ठोकत होती. पट्ट्याजवळ जाण्याआधी इंजिन थांबवायचे, हा माझाच नियम. मी तो पाळला. कडी काढली तेव्हा ठोकणे थांबले होते.

चौकशीत लिहिले, 'यंत्रात दोष आढळला नाही.' खरेच आहे. काही मोडलेच नव्हते. कडी फार मजबूत होती. जे एकदा घडले तेच वहीला ठाऊक होते.

दहाव्याला भुरीबाई म्हणाली, "मिस्त्री, माह्या हातासाठी तुमी कडी लावली. पन आत बसनाऱ्या बाईले कोनं इचारलं?"

वही जाळू नये. देवलाने वापरावी. मात्र कोणतीही दुरुस्ती करण्याआधी तिथे काम करणाऱ्याला विचारावे, 'यानं तुझं काय अडेल?' आणि उत्तर लिहून घ्यावे.

४. मॅनेजरसाहेबांनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

५. ललिता तीन वर्षे माझ्याशी बोललेली नाही. तिला कोणी समजावू नये. मी गेल्याचे कळवावे, ये म्हणू नये. आलीच, तर सावलीत बसवावे आणि आधी पाणी द्यावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, दोघांदेखत सही केली.

दौलतराव सखाराम ढोकणे

साक्षीदार:
भगवंतराव उंबरकर, शिक्षक, इंझोरी
गोविंदसिंग चव्हाण, कारंजा

कारंजा लाड, ता. ९ मार्च १९५८